पडदा आवाज अडवत नाही: घराच्या सजावटीतले काही गैरसमज

पुण्यात बिबवेवाडीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीत फ्लॅटचं काम काढलं की चर्चा रंग, फॉल्स सीलिंग आणि टीव्ही युनिट यांच्याभोवती फिरते. म्हणजे सगळी डोळ्यांची कामं. कान, नाक, त्वचा आणि जीभ यांची आठवण होते ती राहायला गेल्यावर, काहीतरी खुपायला लागलं की. आणि मग जे उपाय होतात, त्यांतले बरेच ऐकीव समजुतींवर बेतलेले असतात.

सगळ्यांत पक्का समज आवाजाचा. घर गंगाधाम चौकाच्या किंवा सातारा रस्त्याच्या बाजूला असलं की ‘जाड पडदे लावा, गालिचा घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. पडदा, गालिचा, गादी या वस्तू खोलीतला आवाज शोषतात आणि घुमणं कमी करतात. रिकाम्या हॉलमध्ये बोललेलं घुमतं ते त्या नसल्यामुळेच. बाहेरचा आवाज अडवायला मात्र वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. स्लायडिंग खिडकी पूर्ण बंद करा आणि कडेने तळहात फिरवून पाहा. जिथे वारा लागतो, तिथूनच हॉर्न आत येतो. दोन झडपा एकमेकींवर येतात तिथे लोकरीसारखी बारीक पट्टी असते, ती वापराने झिजते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी ती बदलावी, मग चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सिलिकॉन भरावं आणि त्यानंतरच जाड लॅमिनेटेड काचेचा खर्च करावा. आवाज १० डेसिबलने उतरला तर कानाला तो साधारण निम्मा वाटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्दळीच्या रस्त्यालगत ती पाळली जाईल या भरवशावर राहू नये. झोपायची खोली कोणती, हे भिंतीचा रंग ठरवण्याआधी ठरवावं.

वासाबद्दलचा गैरसमज जरा गोडच आहे. अगरबत्ती, रूम फ्रेशनर, डिफ्यूझर लावला की हवा ताजी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात सुगंधाने हवा स्वच्छ होत नाही. अगरबत्तीच्या धुरात सूक्ष्म कण असतात आणि घरात दम्याचा त्रास कोणाला असेल तर बंद खोलीत ती लावूच नये. शिवाय सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांतच सरावतं. म्हणून दिवसभर चालू असलेला डिफ्यूझर घरच्यांना जाणवेनासा होतो आणि पाहुण्यांच्या मात्र डोक्यात जातो.

कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात, ही समजूत नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकीतून होणाऱ्या हवापालटीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कमाल १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. झाडं जरूर ठेवावीत, पण डोळ्यांसाठी आणि मनासाठी. नव्या फर्निचरचा वासही शुभ मानण्याचं कारण नाही. प्लायवूड आणि एमडीएफमधल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत असतं. कमी उत्सर्जनाचा माल मागावा, कपाटाची मागची बाजू आणि कडा उघड्या ठेवू नयेत असं सुताराला बजावावं आणि पहिले काही आठवडे खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. सुगंधाची हौस असेल तर मार्केट यार्डाचा फुलबाजार जवळच आहे. निशिगंधाच्या चार काड्या आणाव्यात. तो संध्याकाळनंतर दरवळतो आणि सकाळी मागे सरतो, त्यामुळे नाकालाही उसंत मिळते.

फरशी गार आणि लाकूड उबदार, हेही अर्धसत्य. एकाच खोलीत दोघांचं तापमान सारखंच असतं. फरशी पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, म्हणून ती गार लागते. पुण्याच्या एप्रिलमध्ये हे सुखच आहे. तेव्हा सगळीकडे लाकडासारखं फ्लोअरिंग घालण्याचा आग्रह मला पटत नाही. पलंगापाशी एक सतरंजी पुरते. बाथरूममध्ये आणि ओट्यापाशी मात्र चकचकीत टाइल नको. तिच्यावरून कळायच्या आत पाय निसटतो आणि घरातल्या आजी-आजोबांना त्याची किंमत मोजावी लागते. वाळ्याच्या पडद्याचंही असंच आहे: कोरड्या उन्हाळी दुपारी पाणी मारलेला वाळा खोली खरोखर थंड करतो, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. जुलैत हवा आधीच दमट असते, तेव्हा तोच पडदा फक्त बुरशी धरतो.

उजेडाचं थोडक्यात: जास्त पांढरा म्हणजे जास्त चांगला, असं नाही. ६५०० केल्विनचा निळसर प्रकाश अभ्यासाच्या टेबलावर ठीक आहे. रात्री बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बरा, कारण निळा प्रकाश झोप लांबवतो.

राहिली जीभ. चवीचा इंटिरिअरशी काय संबंध, असं विचारलं जातं. जेवताना ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग नाकातून येतो. सर्दी झाली की आमटी पाणचट लागते ती त्यामुळेच. जेवणाच्या टेबलावर उग्र सुगंधी मेणबत्ती ठेवली तर वरणावरचं तूप वाया गेलंच म्हणून समजा. स्वयंपाकघरातल्या हवेकडेही असंच लक्ष हवं. नळी बाहेर न काढलेली चिमणी काही तेलकटपणा धरते, पण वाफ आणि गॅस जळताना तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतो. तेव्हा ट्रॉल्यांच्या रंगावर वाद घालण्याआधी चिमणीची नळी कोणत्या भिंतीतून बाहेर काढायची, हे गवंड्याशी ठरवून घ्यावं. टाइल लागल्यावर ते भोक पाडायला कोणीच तयार होत नाही.