जकातीआधी मजुरी

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की मुस्लिम घरांत हिशेबाच्या वह्या निघतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात काढायची आणि ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणशी फित्रा द्यायचा, अशी ही रीत. या दिवसांत मुस्लिमेतर मित्र एक प्रश्न हमखास विचारतात. दरवर्षी एवढी जकात निघते, मग मोहल्ल्यातले तेच ते हात दरवर्षी पुढे का येतात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र जकातीत सापडत नाही, मजुरीत सापडते. ज्याची मजुरी अकरा महिने अपुरी पडते, त्याची झोळी एका महिन्याच्या दानाने भरत नाही.

मजुरी ठरते कशी? मेहनतीवर आणि हातातल्या कसबावर, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. मजुराच्या आसपास काम देणारे किती आहेत आणि ‘या दराने येत नाही’ असे म्हणून घरी परतण्याची त्याची ऐपत आहे का, यावर उरलेले अर्धे ठरते.

आपल्या मालेगावचेच पाहा. 1857 नंतर उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी हे गाव आधी हातमागाचे आणि पुढे यंत्रमागाचे केले. मागावरच्या कामगाराला बांधलेला पगार नसतो. जेवढे मीटर कापड उतरेल तेवढी मजुरी, आठवड्याला हिशेब आणि शुक्रवारी सुट्टी. पाळी बारा तासांची आणि एका माणसाच्या हाताखाली अनेक माग. वीज गेली, तारा तुटू लागल्या किंवा सूत महागल्यामुळे माग बंद ठेवले, तर मीटर थांबतात आणि मीटरबरोबर मजुरीही. सगळा दोष मालकावर टाकून चालणार नाही. कित्येक लहान मालक स्वतःच व्यापाऱ्याचे सूत घेऊन ठरलेल्या दराने कापड विणून देतात. त्यांचाही दर दुसराच कोणी ठरवतो. पण अख्खे शहर एकाच धंद्यावर उभे असले की मंदीत कामगाराला जायला दुसरी जागा उरत नाही. शेजारच्या कारखान्यातही तेच सूत असते आणि तीच मंदी.

मजूर अड्ड्यावर हाच हिशेब रोज सकाळी उघड्यावर मांडला जातो. गवंडी, बिगारी, रंगारी, सेंटरिंगवाले आठच्या सुमारास येऊन उभे राहतात. आठ वाजता मागितलेला रोज दहा वाजता टिकत नाही. उन्हे चढू लागली की उरलेल्यांना कळते, आज बहुधा रिकाम्या डब्याऐवजी भरलेला डबाच घरी न्यावा लागणार. काम करून घेणाऱ्यालाही ते कळते. म्हणून काही जण मुद्दाम उशिरा अड्ड्यावर जातात. आपण त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो.

शहराबाहेर पडले की चित्र उलटे दिसते, निदान काही आठवडे. कसमादे पट्ट्यात कांदा लागवडीला आला किंवा काढणीला आला की शेतकरी म्हणतो, मजूर मिळत नाहीत. बायकांच्या टोळ्या एकराच्या हिशेबाने उक्ते काम घेतात, आणायला आणि सोडायला पिकअप मागतात. शेतकऱ्याला ती अडवणूक वाटते. कांद्याचा भाव पडलेला असेल तर त्याचेही हाल होतात. पण मजूर बाई दर सांगू शकते असे तिच्या वर्षातले दिवस तेवढेच. मे महिन्यात रान मोकळे झाले की तीच बाई मिळेल त्या रोजावर जाते, आणि तोही गड्यापेक्षा कमी. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 साली झाला. बांधावर ते समान वेतन अजून पोचायचे आहे.

जिथे हंगामही हातात नसतो तिथे माणूस उचल घेतो. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने दिवस भरला नाही तर खाडा कापला जातो. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि माणूस त्याच मुकादमाशी बांधलेला राहतो. उर्दूत हिला पेशगी म्हणतात. ती यंत्रमागावरही असते, वीटभट्टीवरही असते. आगाऊ पैसा अडचणीत उपयोगी पडतो, नाही असे नाही. पण त्याच पैशाने मजुराचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क विकत घेतलेला असतो.

हा हक्क परत मिळवून देण्याचे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रानेच केले आहेत.

पहिला रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेने 1972-73 च्या दुष्काळात लाखो हातांना काम दिले. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पुढे 2005 साली केंद्राने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, त्याची मुळे इथलीच. हमीचे काम गावाजवळ खरोखर सुरू असले की खाजगी रोज त्याच्या फार खाली जाऊ शकत नाही, कारण मजुराला दुसरे दार असते. काम नुसते कागदावर राहिले किंवा त्याचे पैसे रखडले की ते दार बंद होते. आमच्यासारख्या पगारदारांच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो. तो कर 1975 साली याच हमीसाठी लावला गेला. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुरीला टेकू द्यायचा, हा तो करार होता. आज किती पगारदारांना तो ठाऊक आहे?

दुसरा प्रयोग माथाडींचा. डोक्यावर ओझे वाहणारा हमालही रोजच्या रोज मालक बदलायचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. कामगार आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत आणि तिच्याबरोबर भविष्यनिर्वाह निधीही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तीच वाट धरली. म्हणजे रोज मालक बदलणाऱ्या मजुरालाही सुरक्षितता देता येते, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. अड्ड्यावरच्या बिगाऱ्यापर्यंत मात्र ते पुरते पोचलेले नाही. बांधकाम कामगार मंडळात नोंद करायची तर मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नव्या दारात काम करणाऱ्याला त्यावर सही देणार कोण?

रमजानच्या पानावर हे सगळे कशासाठी? कारण इस्लाममध्ये मजुरीचा विचार दानाच्या आधी येतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरसाहेबांची शिकवण बहुतेकांना माहीत असते. मजुरी ठरवल्याशिवाय कामाला लावू नका, हीही शिकवण आहे. तिची आठवण कमी निघते. जकात कोणाला द्यावी हे सांगताना कुराणाच्या सूरे तौबामध्ये आठ प्रकारचे हकदार येतात. त्यांत कर्जाखाली दबलेले आहेत आणि ज्यांची मान गुलामीतून सोडवायची ते आहेत. उचलीत अडकलेल्या माणसाला यापेक्षा वेगळे काय म्हणायचे? आणखी एक नियम साधा पण कडक आहे. आपण ज्याची मजुरी देणे लागतो, ती त्याला जकात म्हणून देता येत नाही. मजुरी हे देणे आहे. दान त्यानंतर सुरू होते.

हिंदू शेजाऱ्यांना यात काही नवे वाटणार नाही. दिवाळीच्या आधी गड्याचा हिशेब चुकता करण्याची रीत त्यांच्याही घरात आहे. प्रश्न सण कोणाचा हा नाही, अड्ड्यावर आपण कोणत्या बाजूला उभे असतो हा आहे. घराला रंग द्यायचा असो, धुणीभांडी असोत की कांदा काढायचा असो, आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी मजुरी ठरवणाऱ्याच्या बाजूला असतात. तिथे चार गोष्टी हातात आहेत. कामाआधी दर बोलून घ्यावा. बाईला गड्याइतकाच रोज द्यावा. 90 दिवसांच्या दाखल्यासाठी आपल्याकडे झालेल्या कामाची लेखी नोंद मागितली तर नाही म्हणू नये. आणि ईदचे कपडे घेण्याआधी कोणाचे किती देणे आहे ते पाहावे.

जकातीचा हिशेब त्याच्यानंतर काढावा. तो थोडा सोपाही जाईल.