तळहातावरची शेगडी!

मुलांनो, 'सातबारा' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एखाद्या परदेशी पाहुण्याने शब्दकोश उघडून त्याचा अर्थ लावला, तर त्याला काय सापडेल? सात आणि बारा! पण शेतकऱ्याच्या घरचं लहान पोरही सांगेल, की सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा.

अमेरिकन गायिका आरियाना ग्रांडे हिची अशीच फजिती झाली. जानेवारी २०१९ मध्ये तिचं 'सेव्हन रिंग्ज', म्हणजे 'सात अंगठ्या', हे गाणं आलं. त्याची आठवण म्हणून तिने तळहातावर दोन जपानी अक्षरं गोंदवून घेतली.

या अक्षरांना कांजी म्हणतात. ती जपानमध्ये आली चीनमधून. आपला 'क' नुसता आवाज दाखवतो, कांजी मात्र अर्थही सांगते. 'सात'ची कांजी अगदी सोपी, २ रेघांची. जपानी मुलं ती पहिलीतच शिकतात. दुसरी कांजी चांगली १५ रेघांची, चौथीतली! तिच्या डाव्या अंगाला वरून पाहिलेली गाडी असते. मधोमध पेटी, तिच्यातून आरपार गेलेला आस आणि वर-खाली दोन आडव्या रेघा, म्हणजे चाकं. या कांजीचा अर्थ चाक किंवा कडं.

सात आणि कडं! मग चुकलं कुठे? जपानीत अंगठीला 'युबिवा' म्हणतात. त्यात 'बोट' आणि 'कडं' अशा दोन कांजी असतात. आरियानाने 'बोट' गाळलं. 'सात'ला नुसतं 'कडं' चिकटलं, की शब्द होतो 'शिचिरिन'. म्हणजे मासे भाजायची कोळशाची छोटी शेगडी!

फार दुखत होतं म्हणून मधली अक्षरं सोडली, असं तिने सांगितलं. पुढे आपल्या जपानीच्या शिक्षकांना विचारून तिने 'बोट'ही गोंदवलं. पण ते दोन अक्षरांच्या मध्ये न येता खाली आलं. वाचणाऱ्याला आधी शेगडीच दिसली, मग बोट!

हसू येतं ना? पण लक्षात घ्या, ती जपानी शिकत होती आणि तिचं एकेक अक्षर बरोबर होतं. शब्द तेवढा चुकला. पाटीवरची चूक ओल्या फडक्याने पुसता येते, गोंदणाचं तसं नाही. म्हणून शब्दकोश बघावाच, पण ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाला आधी विचारावं, नंतर नव्हे.

आता आई-बाबांना सोबत घ्या आणि शोधा पाहू, 'सातबारा'सारखे फसवे मराठी शब्द आणखी किती सापडतात!