एक चाक फिरतें, दुसरें स्वस्थ बसतें

आमच्या शाळेंतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी आज दूरदूरच्या देशीं नांदत आहेत, व त्यांचीं पत्रें अधूनमधून आम्हांस येत असतात. असेंच एक पत्र गेल्या हिंवाळ्यांत अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतील डुलूथ शहराहून आलें. सुपीरियर नांवाच्या अफाट गोड्या सरोवराच्या कांठीं, एका उभ्या चढणीवर हें शहर वसलेलें आहे. तेथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं २० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरला तरी कोणास नवल वाटत नाहीं.

पत्रलेखकापाशीं एक जुना पिक-अप ट्रक आहे. म्हणजे पुढें माणसें बसण्याची खोली व मागें सामानाचा उघडा हौदा असलेली, मागील चाकांच्या जोरावर चालणारी मोटार. एके संध्याकाळीं पत्नीस व तीन वर्षांच्या मुलीस घेऊन तो घरीं परतत असतां चढणीवर गाडी थांबली, ती थांबलीच. मागचें उजवें चाक रस्त्याच्या कडेच्या गोठलेल्या बर्फावर होतें, डावें मात्र साफ केलेल्या कोरड्या डांबरावर होतें. एंजिनास जोर देतांच उजवें चाक भिंगरीसारखें गरगरूं लागलें. डावें तसूभरही हललें नाहीं. पेट्रोल संपत आल्यामुळें एंजिन बंद करावें लागलें, आणि दीड तासानें मदत मिळेपर्यंत मुलीचीं बोटें गारठून बधिर झालीं. शेवटीं त्यानें विचारलें होतें : “गुरुजी, चांगल्या जमिनीवरच्या चाकानें स्वस्थ बसावें आणि निसरड्यावरच्या चाकानें सारा जोर उधळावा, हा उलटा न्याय कां? डिफरेन्शियल बदलून घ्या असें येथील लोक सांगतात. त्यांत पैसे घालावे काय?”

हें पत्र आम्हीं वर्गांत वाचून दाखविलें, तेव्हां मुलांनीं इतके प्रश्न विचारले कीं, त्यांचें उत्तर या वार्षिकांत सविस्तर द्यावें असें आम्हांस वाटलें.

प्रथम डिफरेन्शियल हवेंच कशाला, हें पाहूं. आपल्या बैलगाडीचें प्रत्येक चाक आंसावर सुटें फिरतें. वळणावर बाहेरचें चाक अधिक चाललें व आंतलें कमी चाललें, तरी कोणाची तक्रार नसते. कारण ओढणारे बैल पुढें असतात, चाकें नुसतीं मागून येतात. मोटारींत मात्र चाकांनाच गाडी ढकलावयाची असते. मागील दोन चाकांमध्यें १.७ मीटर अंतर आहे असें धरा. गाडी काटकोनांत वळली म्हणजे बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें २.६७ मीटर अधिक चालतें. दोन्ही चाकें एकाच अखंड दांड्यास जखडलेलीं असतील, तर त्यांपैकीं एकास फरपटत जावेंच लागेल. टायर झिजतील, दांड्यास पीळ बसेल व गाडी वळण्यास कांकूं करील.

या अडचणीवर तोडगा म्हणून दांड्याचे मधोमध दोन तुकडे करितात व त्यांच्यामध्यें दंतचक्रांची एक पेटी बसवितात. एंजिनाची शक्ति लहान पिनियनमधून मोठ्या क्राउनला मिळते. क्राउन पेटीस जोडलेला असल्यामुळें पेटी फिरते, व पेटींतील लहान दंतचक्रें दोहों बाजूंच्या आंसांस फिरवितात. हीं लहान दंतचक्रें स्वतःभोंवतींही फिरूं शकतात. म्हणून एक आंस जितका मंद होईल, तितकाच दुसरा जलद होतो. इ. स. १८२८ त ओनेसिफोर पेकर नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें वाफेच्या गाडीसाठीं या योजनेचें पेटंट घेतलें होतें. तींच दंतचक्रें आज कोट्यवधि मोटारींत फिरत आहेत.

आतां या सोयीची दुसरी बाजू पाहा. साधें डिफरेन्शियल चाकांना वेग कमीअधिक वांटूं देतें, पण जोर मात्र नेहमीं सारखाच वांटतें. जूं मध्यभागीं एका खुंटीवर सैल बसविलें आहे व दोन्ही टोंकांस दोन बैल जोडले आहेत असें समजा. एका बैलानें अंग टाकलें, तर दुसरा कितीही दणकट असला तरी काय उपयोग? जूं नुसतें खुंटीभोंवतीं फिरेल. ओझें पुढें सरणार नाहीं. दणकट बैलाची ओढही दुबळ्याच्या ओढीइतकीच लागू पडेल. पत्रांतील ट्रकाचें नेमकें हेंच झालें.

थोडें गणित करूं. ट्रकाचें वजन २००० किलो व हौदा रिकामा असतां मागील चाकांवर ८०० किलो भार धरूं. म्हणजे प्रत्येक चाकावर ४००. गोठलेल्या बर्फावर टायरची पकड भाराच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ४० किलो; कोरड्या डांबरावर सुमारें सात दशांश, म्हणजे २८० किलो. साध्या डिफरेन्शियलमुळें कोरड्यावरच्या चाकासही ४० च मिळतात. एकूण ओढ ८० किलो. विसांत एक या प्रमाणाची चढण चढावयास मात्र निदान १०० किलो ओढ पाहिजे. गाडी थांबली यांत आश्चर्य तें कोणतें? दोन्ही आंस एकमेकांस जखडले असते, तर ४० व २८० मिळून ३२० किलो ओढ मिळाली असती व गाडी हंसतखेळत वर गेली असती.

कोणी म्हणेल, “मग चारही चाकें चालविणारी गाडी घ्यावी.” तिनें पुष्कळ काम होतें हें खरें. परंतु पुढील व मागील दोन्ही आंसांत साधेंच डिफरेन्शियल असेल, तर पुढचें एक व मागचें एक अशीं दोन चाकें गरगरत राहून दोन चाकें स्वस्थ बसण्याचा प्रसंग तिच्यावरही येतो. अलीकडच्या गाड्यांत विजेची यंत्रणा फिरणाऱ्या चाकास आपोआप ब्रेक लावून दुसऱ्यास जोर मिळवून देते. अमेरिकेंत २०१२ सालच्या नमुन्यांपासून लहान गाड्यांस घसरगुंडी आवरणारी यंत्रणा सक्तीचीच झाली आहे. जुन्या ट्रकांच्या मालकांना मात्र डिफरेन्शियलचाच विचार करावा लागतो.

सुधारलेलीं डिफरेन्शियलें मुख्यतः चार प्रकारचीं असतात. पहिल्यांत आंसाच्या दंतचक्रांमागें क्लचच्या पातळ चकत्या दाबून बसविलेल्या असतात; त्यांच्या घर्षणामुळें एक चाक दुसऱ्यापेक्षां फार जलद धांवूं शकत नाहीं. ही कल्पना शर्यतीच्या मोटारींत १९३० नंतरच्या दशकांत आली, आणि १९५६ त पॅकार्ड कंपनीनें ती अमेरिकन गिऱ्हाइकांपुढें ठेविली. हा प्रकार सौम्य व स्वस्त खरा. पण चकत्या झिजतात व तेलांत निराळें औषध घालावें लागतें.

दुसरा प्रकार तिरप्या दंतचक्रांचा. यांत झिजण्याजोग्या चकत्या नसतात. दातेच पेटीवर रेटले जाऊन चांगल्या चाकास दुबळ्याच्या सुमारें तिप्पट जोर देतात. आमच्या उदाहरणांत ४० व १२० मिळून १६० किलो झाले. म्हणजे चढणीपुरते पुरून उरले. यांतील व्यंग इतकेंच कीं, एक चाक अगदीं अधांतरीं लोंबकळलें तर शून्याची तिप्पट शून्यच! अशा वेळीं ब्रेक किंचित दाबून धरिल्यास त्या चाकास खोटा भार मिळतो व दुसरें कामास लागतें.

तिसरा प्रकार आपोआप जखडणाऱ्या यंत्राचा. सरळ रस्त्यावर दोन्ही आंस एकजीव असतात. वळणावर बाहेरचें चाक कटकट आवाज करीत सुटतें. चिखल-दगडांत हा फार खंबीर, पण बर्फाळ वळणावर त्याचें एकाएकीं जखडणें गाडीस झटका देतें. चौथा प्रकार चालकाच्या इच्छेनुसार जखडणारा, म्हणजे कळ दाबतांच दाबलेल्या हवेनें किंवा विजेनें दोन्ही आंस एक करणारा. एरवीं तो साध्या डिफरेन्शियलसारखाच वागतो. आपल्याकडील ट्रॅक्टरवर चिखलांत टाचेनें दाबण्याचें जें पेडल असतें, तें याचेंच भावंड होय.

मग सर्वांत जोरदार तेंच उत्तम, असें वाचकांस वाटेल. पण बर्फाचा न्याय निराळा आहे. टायरची पकड ही एकच पुंजी असते. ती पुढें ढकलण्यांत सगळी खर्चिली तर बाजूला घसरूं न देण्यास कांहीं उरत नाहीं. साध्या डिफरेन्शियलमध्यें एक चाक गरगरलें तरी दुसरें शांत राहून गाडीचें शेपूट सांवरतें. दोन्ही जखडलेलीं चाकें एकदम गरगरलीं तर गाडी रस्त्याच्या उताराकडे आडवी सरकते. पुढील आंस जखडला तर सुकाणूच ऐकेनासें होतें. म्हणून नित्याच्या बर्फाळ रस्त्यांसाठीं मागील आंसांत तिरप्या दंतचक्रांचें डिफरेन्शियल, व क्वचित् रुतून बसण्याच्या प्रसंगासाठीं कळीनें जखडणारें, हीच निवड आम्हांस शहाणपणाची वाटते.

बदल करणाऱ्यानें प्रथम आपल्या गाडींत काय आहे तें ओळखावें. एंजिन बंद करून, पुढील चाकांस अडणी लावून, मागील दोन्ही चाकें भक्कम घोड्यांवर उचलावीं व एक चाक हातानें फिरवावें. दुसरें उलट दिशेस फिरलें तर डिफरेन्शियल बहुधा साधें; त्याच दिशेस फिरलें तर सुधारलेलें. येथें एक इशारा सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. सुधारलेल्या डिफरेन्शियलच्या गाडीचें एकच चाक जॅकवर उचलून एंजिन गियरमध्यें कधींही चालवूं नये. जमिनीवरचें चाक गाडी जॅकवरून खालीं पाडील; त्यांत माणसें प्राणास मुकतात.

पुढें आंसाची जात, क्राउनचा व्यास, आंसाच्या टोंकावरील खांचांची संख्या व क्राउन-पिनियनचें प्रमाण हीं जुळवून माल मागवावा. चारही चाकें चालविणाऱ्या गाडींत पुढील व मागील प्रमाण एकच असलें पाहिजे. काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावें. तेल काढणें, आंस ओढून घेणें, बेअरिंगांच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण करणें, क्राउन नव्या पेटीवर चढविणें, एवढें कोणीही करील. खरी परीक्षा पुढें आहे. क्राउन व पिनियन यांच्या दात्यांमधील मोकळीक सामान्यतः एका इंचाच्या हजारांश ६ ते १० एवढीच ठेवावयाची असते. ती डायलच्या मापकानें मोजून पातळ शिम घालून साधावी लागते, व दात्यांवर रंग लावून त्यांचा स्पर्श मधोमध पडतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. यांत चूक झाली तर आरंभीं घरघर ऐकूं येते, व पुढें दातेच तुटतात. शेवटीं कारखान्यानें सांगितलेलेंच तेल भरावें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व लिहिलें, पण त्याआधीं एक गोष्ट बजावली : पहिला पैसा डिफरेन्शियलला नव्हे, टायरांना द्या. दोन्ही चाकें बर्फावर असतील तर ४० व ४० मिळून ८० च. मग आंस जखडा वा सोडा. हिंवाळी टायरांचें रबर थंडींतही मऊ राहतें. त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण अशी खूण असते. हौद्यांत वाळूचीं पोतीं घट्ट बांधून ठेवावीं हें खरें, पण २०० किलो वाळूनें साध्या डिफरेन्शियलची ओढ ८० ची १०० होते, आणि चढणीची मागणीही १०० ची ११० होते! सर्वांत महत्त्वाचें हें कीं, डिफरेन्शियल गाडी चालवितें, थांबवीत नाहीं. चढण सहज चढलेला मनुष्य निर्धास्त होतो, आणि उतारावर ब्रेक लावतांना त्याची चूक त्यास कळते.

यंदाच्या शरदांत त्यानें आधीं चार हिंवाळी टायर व नंतर तिरप्या दंतचक्रांचें डिफरेन्शियल बसविलें. परवांच त्याचें दुसरें पत्र आलें. त्याच चढणीवर, तसेंच एक चाक बर्फावर असतां, गाडी क्षणभर अडखळली व मग संथपणें वर गेली. मुलीनें मागें वळून विचारलें म्हणे, “बाबा, आज कां नाहीं थांबलो?” तिला काय उत्तर दिलें तें त्यानें लिहिलें नाहीं, पण गाडींत दोन घोंगड्या, फावडें व भरलेली पेट्रोलची टांकी यांवांचून आतां आपण घराबाहेर पडत नाहीं, एवढें मात्र आवर्जून कळविलें आहे. तें वाचून आम्हांस डिफरेन्शियलच्या बातमीपेक्षांही अधिक समाधान वाटलें.