जादू नव्हे, कारागिरी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चित्रपट संपला की पडद्यावर नावे सरकू लागतात आणि आपण चपला शोधू लागतो. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात ही नावे बराच वेळ संपत नाहीत. त्यांतली सर्वांत लांब यादी बहुधा दृश्य-परिणाम, म्हणजे 'व्हीएफएक्स' करणाऱ्यांची असते, आणि तीत भारतीय नावे भरपूर असतात.

गंगापूर, वैजापूरकडच्या मुलांनाही या कामाची ओढ वाटते. बारावीचा निकाल लागला की जाहिराती खुणावतात. फीचा आकडा लाखात असतो. कपाशी-उसाच्या पैशावर घर चालवणाऱ्या बापाने ती फी भरण्यापूर्वी हे काम नेमके काय असते ते समजून घ्यावे, म्हणून आजचे हे चार शब्द.

या कामाचा मूळपुरुष आपलाच, त्र्यंबकेश्वरचा. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. त्यांनी छायाचित्रण केले, छपाई केली, जादूचे प्रयोगही केले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्याआधी त्यांनी वाटाण्याचे रोप वाढतानाचा छोटा चित्रपट तयार केला होता. रोपाची एकेक चौकट थोड्या थोड्या वेळाने टिपायची आणि सगळ्या सलग दाखवायच्या. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दिसली. त्यामागे होती ती नजर आणि चिकाटी.

आजही काम त्याच जातीचे आहे. समजा, नायक दौलताबादच्या तटावरून उडी मारतो. चित्रीकरणात तो मोकळ्या मैदानात दोरीला लटकलेला असतो. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे पाच सेकंदांच्या उडीची 120 चित्रे झाली. एक जण प्रत्येक चित्रात नायकाच्या शरीराची कड आखतो. याला 'रोटो' म्हणतात. दुसरा दोरी पुसतो. तिसरा कॅमेरा कसा हलला याचा हिशेब मांडतो. चौथा संगणकात तट उभा करतो, पाचवा त्यावर ऊन-सावली पाडतो. शेवटी 'कंपोझिटर' हे सारे असे जुळवतो की कुठे सांधा दिसू नये. प्रेक्षकाला काही कळले नाही, तरच काम साधले!

दुसरी वाट आहे या कलाकारांची अवजारे घडवणाऱ्यांची. मूळचे मुंबईचे पराग हवालदार आयआयटी खरगपूरला शिकून पुढे अमेरिकेत गेले. नटाच्या चेहऱ्यावरचे भाव टिपून ते संगणकातल्या पात्राच्या चेहऱ्यावर उमटवण्याचे तंत्र त्यांनी सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समध्ये विकसित केले. त्यासाठी 2017 साली त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. नटाची भुवई किती उचलली, ओठाचा कोपरा किती ओढला गेला, हे मोजून आकड्यांत आणायचे. आणि त्या आकड्यांत फेरफार करण्याची मुभा ऍनिमेशन करणाऱ्याच्या हातात ठेवायची, असे हे काम. त्याला गणित आणि प्रोग्रॅमिंग लागते, तसे माणसाच्या चेहऱ्याचे निरीक्षणही लागते.

आता जाहिरातीत नसलेली बाजू. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीला 2013 च्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात तिने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. तिची केंद्रे मुंबई आणि हैदराबादलाही होती. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही जुनी कंपनी कोसळली, तेव्हा भारतातल्या तिच्या कलाकारांवरही बेकारीची पाळी आली. काम बहुधा ठरलेल्या रकमेत घेतलेले असते. दिग्दर्शकाने दहा वेळा बदल सांगितले, तर वाढीव रात्री कारागिराच्या माथी येतात.

शिवाय आपल्याकडे नवा मुलगा सहसा रोटो आणि पुसण्याच्या कामातूनच आत शिरतो. नेमके तेच काम कृत्रिम बुद्धिमत्ता आता झपाट्याने शिकते आहे. म्हणजे शिडीची पहिली पायरीच डळमळू लागली आहे. नुसती सॉफ्टवेअरची बटणे शिकून आलेल्याचे यापुढे कठीण आहे.

मग मुलांना या वाटेला जाऊच देऊ नये का? असे मी म्हणणार नाही. आधी घरच्या घरी पारख करावी. 'ब्लेंडर' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. लॅटव्हियातल्या एका दिग्दर्शकाचा 'फ्लो' हा चित्रपट त्यावरच बनला आणि 2025 साली त्याला सर्वोत्कृष्ट ऍनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. साधा संगणक मिळाला तर वर्षभर मुलाने त्यावर हात चालवून पाहावा. सोबत शाळेतल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा द्याव्यात. कायगाव टोक्याला गोदावरीच्या पाण्यावर सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड कसा वेगळा पडतो, ते पाहून कागदावर उतरवावे. ज्याला आकडेमोड आवडते, त्याने गणित सोडू नये. अवजारे घडवणाऱ्यांची वाट त्याच्यासाठी आहे.

वर्षभरानंतरही मूल एकाच चित्रापाशी तासन्‌तास बसत असेल, तर फीचा विचार करावा. तेव्हाही संस्थेला एवढे जरूर विचारावे: गेल्या वर्षी तुमच्याकडून बाहेर पडलेली मुले आज कुठे काम करतात? त्यांतल्या दोघा-तिघांशी बोलू द्याल का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच ठेवून सरळ घरची एसटी धरावी.