'सिन्स' : काळ की कारण?

बाजारपेठेतून जाताना एखाद्या जुन्या दुकानाच्या फलकावर 'सिन्स १९५२' अशी अक्षरे आपण वाचलेली असतात. शेजारच्या दुकानावर त्याच जागी 'स्थापना १९५२' असे लिहिलेले असते. दोन्हींचा अर्थ एकच, असे आपण धरून चालतो. परंतु तसे नाही. 'स्थापना' हा शब्द केवळ आरंभाची नोंद करतो. व्यवसाय पुढे बंद पडला तरी ती नोंद खरीच राहते. 'सिन्स' हा शब्द आरंभाबरोबरच तेव्हापासून आजपर्यंतचा सलग काळही सांगतो. फलकावर क्रियापद नसते, तरी 'अजून चालू आहे' हे विधान त्या एका शब्दात आलेले असते. (कुलूप लागलेल्या दुकानावरही असा फलक वर्षानुवर्षे टिकून राहतो, ही गोष्ट वेगळी.)

'सिन्स' या शब्दाला आपण 'पासून' हा प्रतिशब्द शाळेत पाठ केलेला असतो. अनुवाद करताना मात्र हे समीकरण दोन ठिकाणी फसते. पहिले ठिकाण व्याकरणाचे आहे आणि ते लवकर लक्षात येते. दुसरे अर्थाचे आहे. तेथे चूक झालेली वाचकाला कळतही नाही. म्हणून पहिल्याकडे थोडक्यात पाहून आपण दुसऱ्याकडे वळू.

मराठीतील 'पासून' या शब्दयोगी अव्ययाचा संसार फार मोठा आहे. 'पुण्यापासून नाशिक' यात स्थळ आहे, 'दुधापासून दही' यात मूळ द्रव्य आहे, 'सोमवारपासून परीक्षा' यात भविष्यकाळ आहे. यांपैकी एकाही ठिकाणी 'सिन्स' चालत नाही; तेथे 'फ्रॉम' लागतो. 'सिन्स' फक्त भूतकाळातील एखाद्या बिंदूशी बांधलेला असतो. शिवाय आपण 'दहा वर्षांपासून' असेही म्हणतो. त्यात बिंदू नाही, कालावधी आहे. त्यामुळेच 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. प्रमाण इंग्रजीला तेथे 'फॉर' हवा असतो आणि क्रियापदाचे रूपही निराळे, 'हॅव लिव्हड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' असे, लागते. हा दोष अज्ञानाचा म्हणण्यापेक्षा मातृभाषेच्या सवयीचा आहे. जर्मन भाषेतही बिंदू आणि कालावधी या दोहोंसाठी 'झाइट' हा एकच शब्द असून त्याच्यासोबत साधा वर्तमानकाळ येतो. म्हणजे या बाबतीत ती भाषा इंग्रजीची सख्खी बहीण असूनही मराठीसारखी वागते. आपल्याजवळ 'गेली दहा वर्षे' ही सुंदर रचना आहे. कालावधी सांगताना तिची सवय ठेवली, तर इंग्रजीत जाताना पाय घसरत नाही.

आता दुसरे ठिकाण. 'सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन' या वाक्यात काळाचा संबंध उरलेला नाही. येथे 'सिन्स' कारण सांगतो. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे आले? प्राचीन इंग्रजीत 'सिथ्थन' असे एक रूप होते आणि त्याचा अर्थ 'त्यानंतर' असा होता. मध्ययुगात ते झिजत झिजत 'सिन्स' झाले. 'अमुक झाल्यानंतर तमुक झाले' असे ऐकले की मानवी मन 'अमुकमुळे तमुक झाले' असे जोडून टाकते. ही जोडणी इतक्या वेळा झाली की ती त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग बनली.

ही मनाची खोड आपल्या पूर्वजांनीही ओळखली होती. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण आणि संस्कृतातील काकतालीय न्याय त्याच खोडीबद्दल सावध करतात. मराठीतही काळवाचक शब्द कारणाच्या प्रांतात शिरले आहेत. 'उशीर झाला आहे, तेव्हा आता निघावे' या वाक्यातील 'तेव्हा' घड्याळातील वेळ दाखवत नाही, तो निष्कर्ष सांगतो. 'पासून' मात्र अजून उंबरठ्यावर उभा आहे. 'नोकरी लागल्यापासून तो फारसा बोलत नाही' असे आई म्हणते, तेव्हा तिच्या बोलण्यात आरोप असतो. पण तो सूचित असतो. 'छे, नोकरीचा काही संबंध नाही, त्याची तब्येत बरी नसते' असे कोणी म्हणाले, तर आईचे मूळ वाक्य खोटे ठरत नाही. मराठीत जे सूचन आहे, ते इंग्रजीत कोशगत अर्थ होऊन बसले आहे. अनुवादकाची खरी अडचण येथे आहे.

बहुतेक वेळा क्रियापद मदतीला येते. मुख्य वाक्यात साधा वर्तमानकाळ, भविष्यकाळ किंवा आज्ञार्थ असेल, तर 'सिन्स' बहुधा कारणवाचक असतो. आधी 'एव्हर' असेल, तर तो निश्चित काळवाचक असतो. कारणवाचक 'सिन्स'चा स्वभावही ओळखून ठेवावा. तो ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले कारण पुढे करतो; 'का?' या प्रश्नाचे थेट उत्तर त्याने देता येत नाही, तेथे 'बिकॉज' लागतो. म्हणून वरील वाक्याचा अनुवाद 'तुम्ही येथे असल्यामुळे आपण सुरुवात करू' असा केला, तर तो शुद्ध असूनही निर्जीव होतो. 'तुम्ही आलाच आहात, तर सुरुवात करू' यात 'च' आणि 'तर' मिळून 'सिन्स'चे काम चोख करतात.

पण क्रियापदही निर्णय देत नाही, अशी वाक्ये असतात. एका कार्यालयीन पत्रात असे वाक्य आले आहे, असे समजू : 'सिन्स द अ‍ॅप्लिकंट चेंज्ड हिज अ‍ॅड्रेस, अवर लेटर्स हॅव नॉट रीच्ड हिम.' अनुवादात 'पत्ता बदलल्यापासून' लिहावे की 'पत्ता बदलल्यामुळे'? पहिल्या अनुवादात कार्यालय केवळ घटनांचा क्रम सांगते. दोष टपालाचा असेल, खुद्द कार्यालयाचाही असेल. दुसऱ्या अनुवादात पत्रे न मिळाल्याची जबाबदारी अर्जदारावर येते. एका प्रत्ययाच्या फरकाने त्याची मुदत बुडाल्याचा दोष त्याच्याच माथी बसू शकतो. अशा वेळी आधी संपूर्ण पत्रव्यवहार वाचावा. अर्जदाराने नवा पत्ता वेळेवर कळवला होता, असे त्यात दिसले, तर 'मुळे' लिहिणे अन्यायाचे होईल. संदर्भातूनही उलगडा झाला नाही, तर आमच्या मते 'पासून' निवडावे. मूळ वाक्यातील संदिग्धता त्यात शाबूत राहते, आणि जो आरोप लेखकाने स्पष्टपणे केलेला नाही तो अनुवादकाने करू नये.

स्वयंअध्ययनासाठी : 'नवा रस्ता झाल्यापासून गावात अपघात वाढले आहेत' हे वाक्य गावकऱ्यांच्या तक्रार अर्जात आहे असे समजून आणि नंतर तेच वाक्य वृत्तपत्रातील बातमीत आहे असे समजून इंग्रजीत लिहा. दोन्ही ठिकाणी आपण 'सिन्स' वापरला का, आणि नसल्यास का नाही, हे चार-पाच ओळींत नोंदवा.