बालकर्करोगांचे वर्गीकरण
बालवयातील (सामान्यतः ० ते १४ वर्षे) कर्करोगांची, ते ज्या कोशिकांपासून उद्‌भवतात त्यांच्या प्रकारानुसार केलेली गटवारी. प्रौढांच्या कर्करोगांची नोंद मुख्यतः रोगग्रस्त इंद्रियावरून करतात. त्यांपैकी बहुसंख्य फुप्फुस, जठर, स्तन इत्यादींच्या अस्तरात वा ग्रंथींत उद्‌भवत असल्याने इंद्रियाच्या नावावरून रोगाचे स्वरूप बऱ्याच अंशी कळते. मुलांच्या बाबतीत ही सोय नाही. त्यांचे कर्करोग बहुधा रक्तोत्पादक ऊतक, तंत्रिका तंत्र, अस्थी, स्नायू यांत किंवा गर्भावस्थेपासून अपक्व राहिलेल्या कोशिकांत सुरू होतात आणि एकच रोग शरीरात अनेक ठिकाणी उद्‌भवू शकतो.

न्यूरोब्लास्टोमा हे याचे बोलके उदाहरण होय. अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या अपक्व कोशिकांपासून होणारा हा रोग अधिवृक्क ग्रंथीत (मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत), उदरात, छातीत किंवा मानेतही आढळतो. इंद्रियनिहाय कोष्टकात त्याचे काही रुग्ण अंतःस्रावी ग्रंथींच्या, तर काही संयोजी ऊतकाच्या रकान्यात पडत. त्यामुळे हा रोग किती मुलांना होतो व उपचारांनंतर त्यांतील किती वाचतात, या साध्या प्रश्नाचेही उत्तर छापील आकडेवारीतून मिळत नसे. याउलट, मूत्रपिंड या एकाच शीर्षकाखाली मुलांतील विल्म्स अर्बुद आणि प्रौढांतील मूत्रपिंडाचा कर्करोग असे अगदी भिन्न रोग एकत्र येत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ मध्ये अर्बुदांसाठी खास संकेतावली काढली. तीत रोगाचे स्थान व सूक्ष्मरचना यांस वेगवेगळे क्रमांक असल्याने पुढील काम शक्य झाले. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९५४ पासून बालकर्करोगांची स्वतंत्र नोंद ठेवली जात होती. तेथील जे. एम. बर्च व एच. बी. मार्सडेन यांनी १९८७ मध्ये सूक्ष्मरचनेवर आधारलेली गटवारी प्रसिद्ध केली. तिच्यावरून १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण तयार झाले व २००५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. तीत १२ मुख्य गट व ४७ उपगट असून श्वेतकोशिकार्बुद, लसीकार्बुद व मस्तिष्कातील अर्बुदे हे पहिले तीन गट होत. डोळ्याच्या जालपटलातील अर्बुदास स्वतंत्र गट आहे.

स्थानाचा विचार मात्र पूर्णपणे सुटलेला नाही आणि तो सुटणे इष्टही नव्हे. कवटीच्या बंदिस्त जागेत सौम्य अर्बुदही प्राणघातक ठरू शकत असल्याने तिसऱ्या गटात अशा अर्बुदांचीही गणना होते. यूइंग अर्बुद अस्थीत असल्यास आठव्या आणि मृदू ऊतकांत असल्यास नवव्या गटात जाते. ही तडजोडच म्हणावी लागेल. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली सारखी दिसणारी काही मस्तिष्क-अर्बुदे जनुकीय दृष्ट्या भिन्न असतात, हे आता स्पष्ट झाले आहे.

बारावा गट अनिश्चित स्वरूपाच्या अर्बुदांचा आहे. तो फुगलेला असेल, तर दोष बहुधा निदानाच्या सोयींचा असतो. जेथे रक्त वा ऊतक तपासण्याची सोय नाही, तेथे श्वेतकोशिकार्बुद झालेले मूल ताप किंवा पांडुरोगाने गेले असे समजले जाते व कोणत्याच गटात येत नाही. म्हणून कमी प्रमाण दर्शविणारे आकडे जपून वाचावे लागतात. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली.

निदानाच्या वेळी रोग कितपत पसरला होता, हे या वर्गीकरणात येत नाही. त्यासाठी टोराँटो येथे २०१४ मध्ये झालेल्या बैठकीतून स्वतंत्र निकष ठरले. साधनांची कमतरता असलेल्या नोंदणी केंद्रांसाठी त्यांत एक सोपी पातळी ठेवलेली आहे.