ट्राउट काश्मीरचा, जिताडा कशेळीचा

ठाण्याहून भिवंडीला निघालं की बाळकुमनंतर कशेळीचा पूल लागतो. गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला खाली उल्हास नदी आहे याची आठवणही राहत नाही. काळू आणि भातसा यांचं पाणी पोटात घेऊन आलेली ही नदी इथे खाडी झालेली असते, भरती-ओहोटीच्या तालावर चालणारी. फ्लाय फिशिंगचा आढावा याच काठावरून घ्यावासा वाटतो, कारण या छंदाला आपल्याकडे खरी जागा अशा पाण्यात आहे.

साध्या गळात शिशाचं वजन आमिषाला लांब नेतं. फ्लायमध्ये पिसं, केस आणि दोरा आकड्यावर गुंडाळून खोटी माशी बांधतात. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून दोरीच जड ठेवलेली असते. ती मागेपुढे झुलवत माशी पाण्यावर अलगद उतरवायची. ट्राउट पाण्यावरचे किडे टिपतो, त्यामुळे हे तंत्र युरोपात त्याच्याभोवती वाढलं. ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला आणली. पुढे निलगिरीत रेनबो ट्राउट रुजला. या माशाला बारमाही थंड, खळाळतं पाणी हवं. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि आटणाऱ्या सह्याद्रीच्या नद्यांत तो जगणार नाही, आणि त्याची खंत करण्याचं कारणही नाही.

कार्पच्या कुळातला सर्वांत देखणा मासा, महसीर, तर आपल्या घरचाच आहे. दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यात महसीर शोधायला जाणं व्यर्थ. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत मात्र देवीचे म्हणून लोकांनी महसीर राखले आहेत. लोणावळ्यात वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते आणि इथली पिल्लं अनेक राज्यांत गेली. कावेरीत सोडलेल्या पिल्लांनी तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरला मागे रेटलं, असं संशोधकांनी दाखवलं. तो मासा आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. दुसऱ्या नदीचं बीज सोडून नदी वाचत नाही, हे मला यातून पुरेसं पटलं आहे. रोहू-कटला पकडून परत सोडणारे हौशी लोक पवईच्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या निमित्ताने जमत आले आहेत. त्यांनाही हे ठाऊक असायला हवं.

ट्राउट आणि कार्पनंतर आता बास. अमेरिकेचा लार्जमाउथ बास आपल्याकडे नाही, पण सी बास म्हणून जगभर विकला जाणारा जिताडा खाडीचा राजा आहे. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामंडी या नावाने मिरवतो आणि फ्लाय टाकायला लोक विमानाने तिथे जातात. तिवरांच्या मुळांत तो दबा धरून बसतो. पाणी फिरलं की बोईट आणि कोळंबी प्रवाहाबरोबर सरकू लागतात, आणि नेमका तेव्हा तो झडप घालतो. बोइटासारखी लांब पिसांची फ्लाय त्या वेळी तिवरांच्या कडेने ओढायची. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, हे जाणल्याशिवाय महागड्या रॉडचा उपयोग नाही. ते ज्ञान आगरी-कोळी माणसाकडे आहे. त्याच्याकडे शिष्य म्हणून जावं.

जिताड्याची जीवनकथा विलक्षण आहे. तो आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. अंडी खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी. पिल्लं वर येऊन तिवरांत वाढतात. रायगडमध्ये पेण-अलिबागकडे ती तळ्यांत सोडून वाढवण्याची जुनी पद्धत आहे, आणि चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संस्थेने १९९७ मध्ये त्याची बंदिस्त पैदास साधली. पण तळ्यातल्या माशाने खाडी भरत नाही. खाडीला हवीत तिवरं आणि श्वास घेता येईल असं पाणी. उल्हासमध्ये मात्र कल्याण-उल्हासनगरपासून सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन मिसळत आलं आहे. वनशक्ती या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंडही ठोठावला. तिवरं तोडून भराव घालणं हा दुसरा घाव. जिथे मासा गुदमरतो तिथे छंदाची भाषा करणं मला लाजिरवाणं वाटतं, म्हणून गळ टाकणाऱ्याने पाण्याच्या तक्रारीही लिहाव्यात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बारामंडी बाळगण्यास मनाई आहे. लहानाला वाढायला वेळ मिळतो आणि मोठी मादी वाचते. आपल्या खाड्यांत हौसेने गळ टाकणाऱ्यांनी कायद्याची वाट न पाहता हा नियम स्वतःला लावून घ्यावा. कोळ्याचं पोट त्या माशावर आहे, आपलं नाही. मोठा जिताडा लागला तर आकडा हळूच काढा आणि त्याला पाण्यात परत जाऊ द्या.